लेकीचे चान्सेस किती? बारा कॉलेजं, एक एक्सेल आणि ४६ टक्के

एडिसनचा_बाबा:

नमस्कार मंडळी. लेक न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये ज्युनियर इयर (अकरावी) संपवतेय. ऑगस्टमध्ये कॉमन ॲप (बऱ्याच कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) उघडेल, त्याआधी जरा अंदाज हवाय.

अनवेटेड जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.९५, सीनियर इयर (बारावी) धरून ११ एपी (कॉलेजच्या तोडीचे विषय), एसएटी (प्रवेश परीक्षा, १६०० पैकी) १५४०. सायन्स ऑलिम्पियाडची स्टेट लेव्हलची दोन पदकं, आठ वर्षं व्हायोलिन, की क्लबची (शाळेतला समाजसेवेचा क्लब) ट्रेझरर, लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवते, रविवारी मराठी शाळेत मदतनीस. मेजर बायॉलॉजी, बहुतेक. शाळा रँक देत नाही. फावल्या वेळात मे ते सप्टेंबर रात्री मागच्या डेकवर पांढरी चादर टांगून, दिवा लावून पतंग मोजते (उडवायचे नव्हेत, दिव्यावर झेपावणारे). सहावीपासूनचं खूळ आहे. आई वैतागते, चादरी वाया जातात.

मी डेटावाला माणूस. यादी अशी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन, पेन, एमआयटी, स्टॅनफर्ड, ड्यूक, हॉपकिन्स, नॉर्थवेस्टर्न, शिकागो. (डार्टमथ आडबाजूला आहे, कॉर्नेलला फार थंडी, म्हणून दोन्ही वगळली.) सरासरी ५ टक्के प्रवेश धरला तर बाराही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे ५४ टक्के. म्हणजे निदान एका ठिकाणी होकाराची ४६. लेक सरासरीपेक्षा वरची, म्हणून मी ६०-६५ धरतोय. हिशेब बरोबर आहे ना? ऑफिसात एक जण म्हणतो कोलंबिया नक्की, दुसरा म्हणतो सगळीकडे नन्नाचा पाढा. रटगर्स (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) बॅकअपला आहेच.

टेक्सासचा_तात्या:

ज्या ठिकाणी चान्स खरंच मोजता येतो असं माझ्या माहितीत एकच उदाहरण. आमच्या थोरल्याच्या वेळी टेक्सासच्या शाळेत वर्गातल्या वरच्या ६ टक्क्यांत आलात की यूटी ऑस्टिनला प्रवेश पक्का (२०२६ पासून ५ टक्के). पण तोही विद्यापीठात, हव्या त्या मेजरात नव्हे. कॉम्प्युटर सायन्सला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तुमच्या बारांपैकी एकही असा नियम लावत नाही.

आणि रटगर्सला बॅकअप म्हणायचं ते इथेच म्हणा. घरात म्हणाल आणि एप्रिलमध्ये तिथेच जायची वेळ आली, तर तो शब्द चार वर्षं जेवणाच्या टेबलावर बसतो. अनुभवाचे बोल.

वहीवाली_मावशी:

एडिसनचे बाबा, आधी तुमचं गणित. ते सूत्र फाशांचं. फासा दर वेळी नव्याने पडतो. तुमच्या लेकीचा अर्ज बारा ठिकाणी नव्याने पडणार नाही. त्याच दोन शिक्षकांची पत्रं, तोच ६५० शब्दांचा निबंध, त्याच दहा ॲक्टिव्हिटी, तेच ट्रान्सक्रिप्ट जवळजवळ सगळीकडे जाणार (एमआयटीचा फॉर्म तेवढा वेगळा). पत्र कोमट असेल तर बाराही ठिकाणी कोमटच लागेल. म्हणून तर मार्चअखेर एकाच पोराला पाच होकार येतात आणि तेवढ्याच मार्कांची शेजारची पोरगी रिकाम्या हाताने बसते. ४६ खोडून टाका. ६५ तर खोडाच.

दुसरं, छापून येणारा टक्का तुमच्या लेकीचा नसतोच. हार्वर्डवरच्या खटल्यात (तोच, ज्यात सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये वंशाचा विचार बंद केला) आतले बरेच कागद बाहेर आले. २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचसाठी ३७ हजारांवर अर्ज होते आणि दोन हजारांच्या आतबाहेर होकार. अर्जदारांपैकी अमेरिकेतले सुमारे २६ हजार. त्यात एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे ३,४०० च्या आसपास, आणि पूर्ण जीपीएवाले आठ हजारांवर! नुसते हे आठ हजार घ्यायचे म्हटले तरी वर्ग चार वेळा भरतो. शिवाय होकारांत निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली, प्राध्यापकांची मुलं वेगळ्या दाराने येतात. ती बाजूला काढली की उरलेल्यांचा टक्का आणखी उतरतो. अर्ली राउंडचा (लवकर केलेल्या अर्जांचा) टक्का गोड दिसतो त्यालाही थोडं हेच कारण, खेळाडू बहुतेक तिथेच असतात.

आता माझी वही. मी माझ्या जुन्या कॉलेजसाठी (नाव राहू दे) नऊ वर्षं मुलांच्या मुलाखती घेतेय. मला मार्क, निबंध काही दाखवत नाहीत, लायब्ररीत बसून पाऊण तास गप्पा मारायच्या आणि अहवाल पाठवायचा. घरी आल्यावर वहीत नाव लिहिते आणि हे पोर आत जाणार असं वाटलं तर पुढे चांदणी काढते. नऊ वर्षांत ५२ मुलं, ११ चांदण्या. प्रवेश मिळाला चौघांना. त्यातल्या चांदणीवाल्या दोघी. उरलेल्या दोन मुलांपैकी एकापुढे मी 'अगदीच मुखदुर्बळ' असं लिहून ठेवलंय. समोर बसून माझी ही गत, तर चार ओळी वाचून टक्के सांगणाऱ्यांचं काय घेऊन बसलात.

मुलगी वाचली जाईल का, एवढं मात्र सांगता येतं. जाईल. १५४० आणि ११ एपीवर कुणी फाईल बाजूला ठेवत नाही. पुढची तुलना मात्र आधी तिच्याच शाळेतल्या मुलांशी होते, देशभराच्या सरासरीशी नंतर. काउन्सेलर जो स्कूल प्रोफाइल पाठवतो त्यात शाळेत किती एपी मिळतात ते असतं. वीस मिळत असतील तर ११ चा अर्थ वेगळा, बाराच मिळत असतील तर वेगळा. ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

आणि तुमच्या पोस्टमधली मी दोनदा वाचली अशी ओळ एकच, चादरीची. ऑलिम्पियाड, व्हायोलिन, की क्लब मी ५२ पैकी निदान तीसेक मुलांकडून ऐकलंय. पतंग मोजणारी एकही नाही. नोंदी कुठे ठेवते? किती जाती झाल्या? दिवा कुठला वापरते? हे माहीत असूनही तुम्ही तो उल्लेख आईच्या तक्रारीत गुंडाळलात! पण कृपा करा, आता तिच्याकडून 'पतंग बचाव फाउंडेशन' काढून घेऊ नका. असली फाउंडेशनं मी सात पाहिली आहेत, सगळी अकरावीच्या उन्हाळ्यात जन्मलेली. कॉमन ॲपमध्ये एका ॲक्टिव्हिटीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. त्यात आकडे आणि वर्षं लिहू दे, विशेषणं नकोत. याने प्रवेश मिळेल? मी चांदणी काढेन. माझ्या चांदणीची किंमत वर सांगितलीच आहे.

आणि यादी बघा. कीटकांत रमणारी मुलगी, आणि तुम्ही थंडीपायी कॉर्नेल वगळलंत. तिथल्या ॲग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेसमध्ये पदवीलाच कीटकशास्त्राचं मेजर आहे. यूसी डेव्हिसलाही (कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ) आहे (यूसीवाले एसएटी बघत नाहीत, हेही ध्यानात ठेवा). तुमच्या रटगर्सलाही कीटकशास्त्राचा विभाग आहे. ही यादी रँकिंगच्या पानावरून उतरवलेली वाटते.

नुकताच_सुटलेला:

काका, मी सध्या सॉफमोर (कॉलेजचं दुसरं वर्ष). मावशींना +१. शाळेच्या नेव्हिअन्स किंवा स्कॉयरमध्ये (कॉलेज प्रवेशाची पोर्टलं) स्कॅटरग्राम असतो, तुमच्याच शाळेतल्या मागच्या मुलांचे जीपीए आणि एसएटी, हिरवा ठिपका म्हणजे होकार. देशभराच्या टक्क्यापेक्षा तो लाखपट बरा. फक्त खाली एकटा पडलेला हिरवा ठिपका बघून हुरळू नका. आमच्याकडे तसा एक होता, ३.५ वर. सगळ्या शाळेला माहीत होतं की तो रोइंगवाला.

कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमधला (कॉलेज स्वतः छापतं ते आकड्यांचं पत्रक) सी-७ तक्ताही बघा, कशाला किती महत्त्व ते तिथे असतं. एसएटीची रेंज सी-९ मध्ये. पण जिथे स्कोअर ऐच्छिक आहे तिथे कमीवाले पाठवतच नाहीत, म्हणून रेंज फुगलेली असते.

आणि नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आपल्याला खर्च किती पडेल ते सांगणारा) आजच भरा. आयव्हींत (हार्वर्ड, येल वगैरे आठ कॉलेजं) मेरिट स्कॉलरशिप नसते. दोन आयटी पगार असतील तर वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपासची तयारी ठेवा. आमच्या घरी ही चर्चा होकार आल्यावर झाली. नको तो विषय.

एडिसनचा_बाबा:

सगळ्यांचे आभार. मावशी, कान धरले.

काउन्सेलरला भेटलो. शाळेत १९ एपी आहेत. लेकीच्या ग्रेडमध्ये १३-१४ घेणारी चार मुलं आहेत, हे मला माहीतच नव्हतं. स्कॅटरग्राममध्ये ३.९५ आणि १५४० च्या आसपास शिकागोपाशी सगळे लाल ठिपके. कॉर्नेलला मात्र हिरवे बरेच, त्यातले खेळाडू किती ते काउन्सेलरने हसून टाळलं. कॅल्क्युलेटर भरला. आकडा बघून बायको उठून गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, ड्यूक आणि नॉर्थवेस्टर्न काढ.

पतंगांच्या ४१२ जाती झाल्यात, पाच उन्हाळ्यांच्या फोटोंसकट. दिवा यूव्हीचा, मीच ॲमेझॉनवरून मागवून दिला होता आणि विसरलो होतो.

एक्सेल आता लेकीच्या ताब्यात आहे. शक्यतेचा रकाना तिने उडवला आणि त्या जागी 'रात्री अंधार असतो का?' असा नवा घातलाय. कॉर्नेलसमोर 'हो', डेव्हिससमोर 'शेतं आहेत, बहुतेक'. भर न्यूयॉर्कातल्या कोलंबियासमोर लिहिलंय, 'बाबा, सीरियसली?'