मदत हवी आहे : सवलतीतला ओएलईडी टीव्ही, तिघांपैकी कोणता?

खेळगडी (धागाकर्ता)
नमस्कार. ५५ इंची ओएलईडी टीव्ही घ्यायचा आहे. वापर मुख्यतः गेमिंग आणि चित्रपट. दुकानात जाऊन तीन संच पाहून आलो: एलजी सी४, सॅमसंग एस९०डी आणि सोनी ब्राव्हिया ८. तिन्ही २०२४ची मॉडेले आहेत, बाजारात नवी मॉडेले आल्यामुळे तिन्हींवर मोठी सवलत आहे आणि आता त्यांच्या किमतींत इतका थोडा फरक उरला आहे की पैशांवरून निवड करता येत नाही. सवलत रविवारी रात्री संपते. गेले दहा दिवस परीक्षणे वाचून मी अधिकच गोंधळलो आहे, कारण प्रत्येक जण वेगळ्याच संचाला पहिला क्रमांक देतो. कृपया 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' असे उत्तर देऊ नये. गरज वर लिहिली आहे. तिघांपैकी एकाचे नाव सांगावे.

तारवाला
गरज लिहिली आहे, पण अर्धीच. गेम कशावर खेळता? पीएस५, एक्सबॉक्स की संगणक? विचारण्याचे कारण असे, की सी४ आणि एस९०डी १४४ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला १४४ चित्रे) जातात, तर ब्राव्हिया ८ १२०वर थांबतो. मात्र त्या १४४चा उपयोग ताकदवान ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकालाच होतो, पीएस५ १२०च्या पुढे जात नाही. दुसरे, साउंडबार आहे का? ब्राव्हिया ८मध्ये इतका वेग झेलणारी एचडीएमआय २.१ची दोनच पोर्ट आहेत आणि त्यांतले एक ईआर्कचे (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारे), म्हणजे साउंडबार जोडला की १२० हर्ट्झसाठी एकच शिल्लक राहते. इतर दोघांची चारही पोर्ट त्या तोडीची आहेत. तिसरे, सोफ्यापासून पडदा किती दूर असेल? चौथे, खोलीत उजेड किती येतो?

खेळगडी
पीएस५ आहे. साउंडबार आहे. अंतर मोजलेले नाही, नेहमीच्या हॉलमध्ये असते तेवढे. उजेडही नेहमीसारखाच. आता नाव सांगावे.

रुपेरी
चित्रपट पाहणाऱ्याने ब्राव्हिया ८ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओएलईडीचा ठिपका क्षणार्धात रंग बदलतो. गेमसाठी हे वरदान असले तरी सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट पाहताना, कॅमेरा संथपणे आडवा फिरला की प्रत्येक फ्रेम सुटी सुटी दिसून चित्र अडखळल्यासारखे वाटते. हे अडखळणे सौम्य करण्यात, आणि तेही चित्रपट टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत न दिसू देता, सोनीची प्रक्रिया मला सर्वांत संयमी वाटते. शिवाय एस९०डीमध्ये डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड आणि रंग जुळवणारी चित्रपद्धत) नाही, हे चित्रपटप्रेमी माणसाने विसरू नये.

निळाई
डॉल्बी व्हिजनचा हा बाऊ आता पुरे. धागाकर्त्याकडे पीएस५ आहे आणि पीएस५ डॉल्बी व्हिजन देतच नाही, ना गेममध्ये, ना डिस्कवरच्या चित्रपटात. गेममधली ती सोय एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये आहे. मग जी गोष्ट यंत्रातून बाहेरच पडत नाही तिच्यासाठी एस९०डी का नाकारायचा? सॅमसंगमध्ये तशाच कामाची दुसरी पद्धत, एचडीआर१०प्लस, आहे, प्राइमवर ते पूर्वीपासून मिळते आणि २०२५पासून नेटफ्लिक्सनेही द्यायला सुरुवात केली आहे. माझ्याकडे हा संच आहे आणि त्याच्या लाल-हिरव्या रंगांची सर इतर दोघांना येत नाही.

रुपेरी
पीएस५वर चित्रपट पाहावाच कशाला? टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये तोच चित्रपट डॉल्बी व्हिजनमध्ये दिसतो. आणि तुमच्या संचात क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच अधिक गडद रंगांचा प्रकार) पॅनल असेल, त्याचे कौतुक रास्त आहे. पण एस९०डीचे पॅनल आकारानुसार आणि देशानुसार बदलते. एका घरातल्या संचावरून दुसऱ्याला रंगांची ग्वाही देता येत नाही.

हिशेबनीस
मूळ प्रश्न 'सवलत' हा आहे म्हणून लिहितो. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ रोजी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह १,२८,००० रुपयांना मिळणारा संच काहीही न करता १,१८,००० रुपयांना मिळायला हवा, म्हणजे जवळपास आठ टक्के उतार हा सरकारचा आहे, दुकानदाराचा नव्हे. त्यातून छापील किंमत ही खोडून दाखवण्यासाठीच छापलेली असते. तेव्हा टक्केवारी पाहू नका. तोच संच गेल्या सहा महिन्यांत किती रुपयांना विकला गेला ते पाहा. 'रविवारी रात्री संपते' असे म्हणणाऱ्या सवलती सोमवारी सकाळी दुसऱ्या नावाने उभ्या राहतात, असे मी तरी प्रत्येक सणाला पाहत आलो आहे.

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस हेच संच आणखी खाली येतात. कोणी नातेवाईक येणार असेल तर विचार करावा.

तारवाला
सव्वा मीटर रुंदीचे आणि काही मिलिमीटर जाडीचे काचेचे पॅनल कोणता नातेवाईक सामानात आणणार आहे? आणलेच तर हमी इथे चालणार नाही. असो. खेळगडी, अंतर अजून सांगितले नाही. टेप लावायला दोन मिनिटे लागतात.

खेळगडी
मोजले. सोफ्याच्या पाठीपासून भिंतीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे डोळ्यांपासून दहा फूट धरा. हॉलला पश्चिमेकडे गॅलरी आहे, दुपारनंतर ऊन आत येते, पडदे आहेत. मी दोन साधे प्रश्न विचारले असते तर दोन उत्तरे मिळाली असती. एकच विचारला तर इतकी चर्चा.

भिंतभर
दहा फूट अंतर असेल तर ५५ इंच हा पोस्टकार्ड पाहण्याचाच प्रकार आहे. प्रोजेक्टर घ्यावा. १०० इंचांचा पडदा मिळतो. मी सहा वर्षांपासून घरी टीव्ही ठेवलेला नाही आणि काहीही अडलेले नाही.

निळाई
पश्चिमेच्या उन्हात प्रोजेक्टर? त्यावर रात्री बारापर्यंत भिंतच दिसेल.

तारवाला
प्रोजेक्टर राहू द्या, पण अंतराचा मुद्दा खरा आहे. चित्रपटगृहाचा अनुभव हवा असेल तर पडद्याने नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. साडेसात फुटांवरून तो ३० अंश भरतो, दहा फुटांवरून जेमतेम २३. त्या हॉलला ६५ इंचीही थोडा कमीच पडेल. आणि ऊन येत असेल तर क्यूडी-ओएलईडीचा एक दोष ध्यानात घ्यावा: त्यावर बाहेरचा उजेड शोषणारी ध्रुवक फिल्म नसल्यामुळे उजेडात काळा रंग काळा न राहता जांभळट-करडा दिसतो. रात्री हा दोष अजिबात जाणवत नाही.

जुनाजाणता
मी पंचवीस वर्षे टीव्हीदुरुस्तीचे काम केले आहे, आता निवृत्त आहे. पोर्ट, हर्ट्झ, अंश, सर्व काही वाचले. एकच विचारतो. टीव्ही हॉलमध्ये लागणार आहे, तर आपण कामावर असताना तो कोण पाहते आणि काय पाहते?

खेळगडी
आई-वडील आमच्याकडेच असतात. बाबांच्या बातम्या सकाळी सातपासून चालू असतात, दुपारी आई मालिका पाहते, संध्याकाळी पुन्हा बातम्या, क्रिकेट असेल तर क्रिकेट. मी रात्री दहानंतर बसतो. पण मी बातम्यांसाठी टीव्ही घेत नाही, म्हणून ते लिहिले नव्हते.

जुनाजाणता
टीव्हीला हे कळत नाही की तो कशासाठी घेतला आहे. आपले खेळणे रात्री दोन तास आणि बातम्या दिवसाला आठ-नऊ तास, तर तो बातम्यांचाच टीव्ही झाला.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. वृत्तवाहिनीच्या खालच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या, कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि घड्याळ, क्रिकेटमधला धावफलक, हे सर्व रोज त्याच जागी, त्याच रंगात असते. तिथले ठिपके इतरांच्या आधी थकतात आणि मग चित्रपटातल्या आभाळातही ती पट्टी अंधूकशी दिसत राहते. पश्चिमेच्या उजेडामुळे दुपारी प्रकाश वाढवून ठेवला जाईल, म्हणजे झीज अजून वेगाने. एकदा उमटलेला डाग पुसता येत नाही, आणि कंपन्यांच्या हमीत तो बहुधा धरलेला नसतो. हमीपत्रातली बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

आणखी एक विचारतो. झोपताना भिंतीवरचे बटण बंद करता का?

खेळगडी
अर्थात. बाबांचा नियम आहे. दिवा, पंखा, टीव्ही, सर्व बटणे बंद. वीज वाचते आणि पावसाळ्यात विजेची भीती राहत नाही.

जुनाजाणता
तेच ऐकायचे होते. ओएलईडी संच काही तास चालल्यावर रिमोटने बंद केला की तो गुपचूप स्वतःची तपासणी करतो, ठिपक्यांची असमान झीज मोजतो आणि दुरुस्तीची नोंद करतो. एलजीमध्ये एकूण चार तासांचा वापर झाला की हे काम निघते आणि बंद अवस्थेत काही मिनिटांत पार पडते. पण रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचेही बटण दाबले तर ते काम कधीच पुरे होत नाही. आपल्याकडच्या घरांत ही सवय इतकी मुरलेली आहे की दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. विजेची भीती असेल तर चांगला सर्ज प्रोटेक्टर लावावा. बटण दाबायचेच असेल तर अर्ध्या तासाने दाबावे.

रुपेरी
हे थोडे भीतीदायक चित्र आहे. आताच्या संचांत चित्र किंचित सरकवणे, स्थिर बोधचिन्हाचा प्रकाश आपोआप कमी करणे असे उपाय आहेत. माझ्या संचाला चार वर्षे झाली, एकही डाग नाही.

जुनाजाणता
आपण त्यावर आठ तास बातम्या पाहता का?

रुपेरी
नाही. फक्त चित्रपट.

मिनीबाज
मग उत्तर सरळ आहे, ओएलईडीचा नाद सोडून ६५ इंची मिनी-एलईडी (पडद्यामागच्या असंख्य बारीक दिव्यांनी उजळणारा) घ्यावा. डागाची धास्ती नाही, उन्हात झगझगीत दिसतो, बाबा दिवसभर काहीही लावोत. पूर्ण पांढरे चित्र असेल तेव्हा ओएलईडी स्वतःचा प्रकाश पुष्कळ खाली आणतो, मिनी-एलईडीला तशी गरज फारशी पडत नाही.

निळाई
आणि काळ्या आभाळातल्या चांदण्यांभोवती जे धुरकट वलय दिसते त्याचे काय? ज्याने ओएलईडी ठरवला आहे त्याला ते रोज खुपेल.

मिनीबाज
मला नाही खुपत.

तारवाला
तुम्ही दोघे भांडा, मला एक वेगळीच वाट दिसते आहे. खेळगडी, हॉलमध्ये सध्या टीव्ही आहे ना? तो चालू आहे? आणि आतली खोली किती मोठी आहे?

खेळगडी
हॉलमध्ये जुना ४३ इंची एलईडी आहे, व्यवस्थित चालतो. आतल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी भिंत आहे, पलंगावर टेकून बसले की साडेपाच फूट. पण ५५ तिथे बसत नाही, कपाटाचे दार उघडणार नाही. जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर रुंदी मिळते.

तारवाला
मग जुना टीव्ही बाबांकडे राहू द्या आणि आतल्या खोलीत ४८ इंची ओएलईडी लावा. त्याची रुंदी १०७ सेंटिमीटरच्या आसपास असते. साडेपाच फुटांवरून तो ३५ अंश भरतो, हॉलमधल्या दहा फुटांवरच्या ५५ इंचीपेक्षा दीडपट मोठा दिसेल. खोलीत अंधार करता येतो, बातम्या नाहीत, डागाचा प्रश्न बराचसा मिटतो. छोट्या आकाराचे पॅनल थोडे कमी उजळते, पण अंधाऱ्या खोलीत साडेपाच फुटांवर त्याची उणीव भासणार नाही. आणि आपण मागत होतात ते नावही मिळाले. ब्राव्हिया ८ ५५ इंचांपासूनच सुरू होतो, सी४ मात्र ४८मध्ये मिळतो, आणि एस९०डीमध्ये नसलेले डॉल्बी व्हिजनही त्यात आहे.

मिनीबाज
म्हणजे घरातल्यांना जुना टीव्ही आणि स्वतःला नवा. छान.

खेळगडी
आईला विचारले. ती म्हणाली, हॉलमधला टीव्ही बदलला तर तुझे बाबा आठवडाभर रिमोट शिकत बसतील, आहे तो राहू दे. तेव्हा तो प्रश्न मिटला.

खेळगडी
दुकानात फोन केला. सी४ ४८ इंचीमध्ये एकच नग शिल्लक आहे, तोही प्रदर्शनात लावलेला. ५५ इंचीपेक्षा पुष्कळ स्वस्त देतो म्हणतात. उद्या आणू का?

जुनाजाणता
आणण्याआधी सेटिंगमध्ये टीव्हीच्या माहितीचे पान उघडावे. संच एकूण किती तास चालला आहे ते तिथे दिसते. मग संपूर्ण पडदा एकाच रंगाचा करून पाहावा, आधी करडा, नंतर लाल, नंतर पिवळा. यूट्यूबवर तशा चित्रफिती आहेत. दुकानातले दिवे मालवायला सांगावे, लाजू नये.

खेळगडी
जाऊन आलो. ३,१०० तास. लाल पडद्यावर डाव्या वरच्या कोपऱ्यात एक फिकट चौकोन दिसला. विक्रेता म्हणाला, हे सर्वांनाच असते.

जुनाजाणता
रोज दहा तास धरले तर दहा महिने तो भडक रंगांत, पूर्ण उजेडात तीच जाहिरात दाखवत उभा होता, आणि रात्री दुकानाचे मुख्य बटण बंद होत असणार. त्या चौकोनात दुकानाचे नाव असते. फुकट मिळाला तरी गेमिंगसाठी घेऊ नये.

हिशेबनीस
सीलबंद नग मागवून मिळतो का ते विचारावे, आणि पॅनलची हमी वाढवून मागावी. रोख सवलतीपेक्षा ती देणे त्यांना सोपे जाते.

खेळगडी
विचारले. सीलबंद नग गोदामातून आठ दिवसांनी येईल, किंमत प्रदर्शनातल्या नगापेक्षा अकरा हजारांनी जास्त, पॅनलची हमी तीन वर्षे लिहून देणार आहेत. आगाऊ रक्कम भरली. रविवारची मुदत या दरालाही आहे का असे विचारल्यावर ते म्हणाले, सवलत पुढच्या रविवारपर्यंत वाढवली आहे. आता कोणी मला सांगेल का, पलंगावर टेकून बसले तर भिंतीवर टीव्हीची उंची किती ठेवावी?

भिंतभर
प्रोजेक्टर असता तर छतावर दाखवता आले असते.