मदत हवी आहे: बीडीएसच्या (दंतवैद्यकाची पदवी) कॉलेजांचा पसंतीक्रम कसा लावावा?

मुलीला बीडीएसच करायचं आहे, एमबीबीएससाठी पुन्हा नीट देणार नाही. आम्ही मुलुंडला राहतो, ओपन कॅटेगरी, महाराष्ट्राचं डोमिसाईल. अभिमत विद्यापीठांची फी झेपणार नाही.

सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश यंत्रणा) फॉर्ममध्ये सीएसएमटीजवळचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही पहिली दोन नावं नक्की, पण तिच्या मार्कांवर तिथे आशा कमी. अडलंय ते त्यापुढे. नेरुळचं तेरणा, खारघरचं वायएमटी, की घर सोडून नागपूरचं शासकीय?

गेल्या वर्षीचे कटऑफ आणि फी काढून झाली. दोन खाजगी कॉलेजांच्या ओपीडीतही जाऊन बसलो. एकीकडे सकाळी अकराला निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मुलं मोबाईल बघत उभी. दुसरीकडे केसपेपरसाठी रांग दारापर्यंत. हात बसायचा तर पेशंट हवेतच, म्हणून माझ्यासाठी हा मुद्दा फीच्याही आधी येतो. पण एका दिवसावरून काय ठरवणार?

तिथे शिकलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा: तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायला पेशंट स्वतः शोधून आणावे लागतात का? फीशिवाय इन्स्ट्रुमेंट्सना साधारण किती लागले? आणि ठाण्याला गाडी बदलून रोज ये-जा पाच वर्षं निभते का?