रास्पबेरी, रासबेरी आणि रसभरी

‘रास्पबेरीला मराठीत रसभरी म्हणावे का?’ असा प्रश्न विचारला गेला आहे. शब्द रसाळ आहे, कानाला गोड लागतो, तरीही माझे उत्तर ‘म्हणू नये’ असेच आहे. हिंदीत रसभरी हे नाव दुसऱ्याच फळाचे आहे. कागदासारख्या पातळ वेष्टनात दडलेले, पिवळसर नारिंगी, गुळगुळीत गोल असे ते फळ टोमॅटोच्या कुळातले. रास्पबेरी मात्र गुलाबाच्या कुळातली. हिमालयात रानोमाळ मिळणारे पिवळे हिसालू, ज्याला नेपाळीत ऐंसेलू म्हणतात, ते तिचे खरे भावंड.

हा घोळ केवळ कोशापुरता राहत नाही. परदेशी राहणाऱ्या माझ्या वहिनींनी एकदा रसभरीच्या चटणीची हिंदी कृती वाचून रास्पबेरी आणल्या आणि ‘वरचे वेष्टन सोलून घ्या’ या पहिल्याच वाक्याशी त्या अडल्या. साठवणुकीत तर फरक अधिकच महागात पडतो. रसभरी वेष्टनासकट ठेवली तर पुष्कळ दिवस टिकते, उलट ताजी रास्पबेरी फ्रीजमध्येही जेमतेम दोन-तीन दिवस तग धरते.

उच्चाराचे म्हणाल, तर इंग्रजीत ‘प’ लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून रासबेरी हे रूप कानाला धरून आहे आणि रास्पबेरी हे स्पेलिंगला. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या लाल सोड्याला आपण रासबेरीच म्हणत आलो. दोन्ही रूपे मला मान्य आहेत, फक्त एका लेखात एकच वापरावे.

आता फळ पारखण्याच्या शब्दांकडे वळतो, कारण तिथे मराठी फार नेमकी आहे. रास्पबेरी ‘तोडत’ नाहीत, ती ‘सुटते’. पिकलेले फळ बोटांनी हलकेच ओढले की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि हातात येते ती आतून पोकळ, अंगुस्तानासारखी टोपी. ब्लॅकबेरीचा दांडा फळाबरोबरच येतो, तर तुतीचा देठ आतपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे ही पोकळी हीच रास्पबेरीची खूण. तिचा प्रत्येक दाणा म्हणजे स्वतंत्र बारीक फळ असते. सीताफळही असेच अनेक फळांचा पुंजका आहे, म्हणून ‘दाणा’ हा शब्द मला इथे चपखल वाटतो. हे फळ झाडावरून सुटल्यानंतर पिकत नाही, म्हणजे ‘अढी घालणे’ इथे लागू नाही. घेताना दाणे टपोरे आणि रंग एकसारखा आहे ना, हे पाहावे. डबी उलटी करून तळ जरूर पाहावा : तळाला रस उतरला असेल तर खालची फळे लिबलिबीत झालेली असतात, आणि एका फळाने बुरशी धरली की शेजारच्यांना ती लागायला वेळ लागत नाही. फळे धुवायची ती खायच्या वेळीच. अधिक दिवस ठेवायची असतील, तर ताटात सुटी पसरून गोठवावीत आणि मग पिशवीत भरावीत.

शेवटी स्वयंपाकघरातला शब्द. रास्पबेरीच्या जॅमला ‘मुरांबा’ म्हणावे असे काहींनी सुचवले आहे. मुरांबा हा मूळचा अरबी मुरब्बा. त्यात आपण ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ दोन्ही ऐकतो, आणि म्हणूनच त्यात फोड शाबूत राहून पाकात मुरावी अशी आपली अपेक्षा असते. रास्पबेरी आचेवर काही मिनिटांतच विरघळते, तिची फोड उरत नाही. बिया नको असतील तर गर गाळून साखरेबरोबर आटवावा लागतो. म्हणून ‘आटवलेला गर’ किंवा सरळ ‘जॅम’ म्हणणे प्रामाणिक ठरेल. हा गर श्रीखंडात घालायचा असेल, तर कृतीत ‘आटवून, पूर्ण गार करून’ हे शब्द गाळू नयेत, कारण कच्च्या रसाने चक्का सैल होतो. गरम बासुंदीत तर हा गर घालूच नये. त्याच्या आंबटपणाने दूध फाटते.