मदत हवी आहे : लेपर्ड गेकोला वॅक्सवर्मची सवय लागली, आता रोजच्या खाण्यासाठी कोणते किडे निवडावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला घरी लेपर्ड गेको आली. पिवळ्या अंगावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके, म्हणून नाव तिळू. आता ती दीड वर्षाची आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही पालच, पण भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच वावरते आणि हिला पापण्या असतात. डोळे मिटून झोपलेली पाल मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

हिवाळ्यात कात टाकताना तिने आठवडाभर काही खाल्लं नाही. आम्ही घाबरलो. दुकानात विचारलं तर वॅक्सवर्म द्या म्हणाले. वॅक्सवर्म म्हणजे मधाच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाची अळी, पांढरी, गुबगुबीत. तिळूने चार अळ्या एका दमात संपवल्या. खातेय याचाच इतका आनंद झाला की तीन महिने जवळजवळ तेच चालू राहिलं. आता रातकिडा समोर ठेवला की बघते आणि मान फिरवते.

मागच्या आठवड्यात लेकीने तिला हातावर घेतलं, तेव्हा पुढच्या पायांच्या मागे, काखेत, दोन फुगवटे दिसले. स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली तर ८४ ग्रॅम. दिवाळीच्या सुमारास ६१ होती. छातीत धस्स झालं. डॉक्टरांनी तपासलं. जबडा घट्ट आहे, हाडं ठीक आहेत, फुगवटे चरबीचे आहेत, खाणं बदला म्हणाले. पण काय द्यायचं हे नीट विचारायच्या आत वेळ संपली.

मग मी वाचायला बसले. वॅक्सवर्मच्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, नुसती चरबी असते. रातकिड्यात ती सहा-सात टक्के. आणि बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. पालीला हवं असतं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. बाहेरून मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून ओढून घेतं, जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात. आम्ही कॅल्शियमची पूड लावत होतो, पण आठवण होईल तेव्हा. ही माझी चूक.

आता पर्याय. रातकिडे स्वस्त आहेत, पण एक निसटून वॉशिंग मशीनमागे गेला आणि पाच रात्री किरकिरत होता. शिवाय न खाल्लेले टाकीत राहिले तर झोपलेल्या पालीलाच कुरतडतात. तिळूच्या बोटाला एकदा बारीक जखम दिसली होती. मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, सोप्या, फ्रीजमध्ये राहतात, पण चरबी तेरा टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम नावापुरतं. डुबिया झुरळं सगळ्यात चांगली असं बरेच जण लिहितात. आवाज नाही, गुळगुळीत काचेवर चढत नाहीत. पण जूनमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येताहेत. घरात मुद्दाम झुरळं पाळलेली त्यांना सहन होणार नाहीत, आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही.

राहिले टोळ. इथे सरपटणाऱ्यांच्या दुकानांत आकारानुसार डबे मिळतात. माझं माहेर वरूडचं. मे २०२०मध्ये टोळधाड आली तेव्हा दादा संत्र्याच्या बागेत थाळ्या वाजवत फिरत होता. त्यामुळे डबा हातात घेताना मन कचरतं. तरी तिळूसाठी तेच योग्य असेल तर आणीन.

रोजचं खाणं म्हणून टोळ चालतील का? आणि वॅक्सवर्मची सवय सोडवायची कशी? ती उपाशी राहील या विचाराने लेक रात्री उठून टाकीपाशी बसते. जाणकारांनी कृपया सांगा.

कातळवाट : ताई, टोळ नक्की चालतील. मी ग्लासगोत सात वर्षं दोन गेकोंना टोळ आणि रातकिडे आलटून पालटून देतोय. टोळ किरकिरत नाहीत, आणि त्यांची हालचाल पाहून पाल शिकारीला उठते. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको, एवढं बघा.

वॅक्सवर्म आजपासून बंद. लेकीला सांगा, शेपटी म्हणजे तिळूची चरबी साठवायची कणगी आहे. धडधाकट, जाड शेपटीची मोठी पाल आठवडा-दोन आठवडे न खाता राहिली तरी बिघडत नाही. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी एक टोळ चिमट्यात धरून हलवा, नाही घेतला तर काढून घ्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. वजन भराभर उतरलं किंवा शेपटी बारीक व्हायला लागली तर मात्र थांबू नका, डॉक्टर गाठा. आणि हो, उबदार बाजूची जमीन ३२ अंशांच्या आसपास आहे ना? जमीन गार असेल तर कुठलाच किडा पचत नाही, मग ती खातही नाही.

तुतीचा मळा : मी जालन्याजवळ रेशीम शेती करतो. पाल पाळण्याचा अनुभव नाही, पण आमच्या अळीबद्दल सांगू शकतो. रेशीम अळी मऊ असते, अंगात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी, चरबी फार कमी. वजन उतरवायचं असेल तर मधूनमधून द्यायला बरी. पाचव्या अवस्थेतली अळी बोटाएवढी होते, म्हणून लहान असतानाच घ्या. ती तुतीशिवाय काही खात नाही, तुमच्याकडे तुतीच्या पानांची पूड भिजवून देतात असं ऐकलंय. ओल्या हाताने अळीला शिवू नका, ओल आली की रोग पडतो, हा आमचा रोजचा अनुभव.

एक विनंती इथल्या वाचकांना. आपल्या रानातही अशीच ठिपक्यांची पाल असते. विषारी समजून लोक तिला मारतात. ती विषारी नाही. मारू नका आणि पाळायला उचलूनही आणू नका.

टोरांटोकर : आमच्याकडे कॅनडात डुबियाला परवानगीच नाही, त्यामुळे त्यांच्यावाचून चालतं हे खात्रीने सांगते. किडा कोणता यापेक्षा त्याने काल काय खाल्लं हे मोठं. दुकानातले टोळ बहुतेक वेळा उपाशी असतात. देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना डँडेलियनची पानं, गाजर, हिरवा पाला खाऊ घाला. मग पिशवीत कॅल्शियमची पूड घालून हलवा. कॅल्शियम अंगी लागायला डी३ जीवनसत्त्व लागतं, ते किती द्यायचं हे टाकीत यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आहे की नाही यावर ठरतं, तेवढं डॉक्टरांना विचारा. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं, त्याही मिळाल्या तर आणा. बागेतले किडे मात्र पकडून देऊ नका, फवारणीचं विष आणि जंत दोन्ही येतात. काजवा तर चुकूनही नको, एका काजव्याने पाळलेला सरडा दगावल्याची नोंद आहे.

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. जमीन मोजली, २७ निघाली! उष्णता नियंत्रक बिघडला होता, नवीन बसवला. टोळांचा डबा आणला, लेक त्यांना गाजर किसून घालते. आठ दिवस तिळूने मान फिरवली. काल संध्याकाळी टोळ हलला आणि ती थबकली. शेपटीचं टोक मांजरासारखं थरथरायला लागलं. लेकीने माझा हात घट्ट धरला. मग एक झेप, आणि टोळाचा एक पाय ओठाबाहेर. आज वजन ८१. पुढच्या शनिवारचा आकडाही इथे लिहिते.