अ‍ॅडेनोसिन रिसेप्टर आणि सिकलसेल: चेतवायचे की रोखायचे?

प्रश्न: एम. फार्म. विद्यार्थिनी, नागपूर
विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्यामुळे मी सेमिनारसाठी हाच विषय घेतला आहे. अ‍ॅडेनोसिन या शरीरातच तयार होणाऱ्या रेणूमुळे या आजारातील दाह कमी होतो असे एका ठिकाणी वाचले, तर त्याच्यामुळेच तांबड्या पेशी अधिक विळ्याच्या आकाराच्या होतात असे दुसरीकडे आढळले. मग औषधाने याचे रिसेप्टर (पेशीवरील संदेशग्राहक) चेतवायचे की रोखायचे?

उत्तर: फार्माकॉलॉजीचे निवृत्त अध्यापक, धरमपेठ
दोन्ही विधाने बरोबर आहेत, कारण ती वेगवेगळ्या रिसेप्टरांविषयी आहेत. ए१, ए२ए, ए२बी आणि ए३ असे चार प्रकार असून ते सर्व जी-प्रथिनांमार्फत (संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनांमार्फत) काम करतात. ए१ व ए३ पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू घटवतात, तर ए२ए व ए२बी ते वाढवतात. प्राणवायू कमी पडला की एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे विघटन होऊन पेशींबाहेर अ‍ॅडेनोसिन साचते, आणि ए२बी मात्र ते बरेच साचल्यावरच चेततो. सिकलसेलमध्ये नेमके हेच घडते: तांबड्या पेशींवरील ए२बी चेतल्याने २,३-बीपीजी (हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल करणारा रेणू) वाढते, हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते आणि प्राणवायूविना राहिलेल्या हिमोग्लोबिन-एसचे (या आजारातील सदोष हिमोग्लोबिनचे) तंतू तयार होऊन पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. याउलट लिम्फोसाइटवरील ए२ए चेतला की दाह ओसरतो.

उत्तर: निवासी डॉक्टर, मेडिसिन विभाग
सरांच्या उत्तराला वॉर्डातील एक बाजू जोडतो. पीएसव्हीटीमध्ये (हृदयाचे ठोके एकाएकी फार वेगाने पडू लागतात त्या विकारात) आम्ही अ‍ॅडेनोसिन ६ मिलिग्रॅम झटकन शिरेतून देतो व गरज पडल्यास १२. ते एव्ही नोडमधील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतसंदेश नेणाऱ्या गाठीतील) ए१ चेतवून वहन क्षणभर थांबवते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी असल्यामुळे इतरत्र होणारे परिणाम निभावून जातात. थिओफिलीन (हे रिसेप्टर अडवणारे दम्याचे औषध) चालू असलेल्या रुग्णात ते नीट लागू पडत नाही, आणि दम्याच्या रुग्णाला ते देणे आम्ही टाळतो. कॅफीनही हेच रिसेप्टर अडवते, म्हणून रेगाडेनोसन (ए२ए चेतवणारे औषध) देऊन हृदयाची तपासणी करायची असेल तर आधी चहा बंद ठेवायला सांगतात. ही सूचना आपल्याकडे किती पाळली जाते, याविषयी न बोललेलेच बरे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. ए२ए चेतवणारे औषध सिकलसेलमध्ये वापरून पाहिले आहे का, सर?

उत्तर: निवृत्त अध्यापक
होय. रेगाडेनोसनच वेदनेच्या झटक्यात सलाइनसारखे संथ गतीने देऊन पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही. माझ्या मते मुख्य अडचण अशी की तोच ए२ए रक्तवाहिन्याही रुंदावतो, त्यामुळे मात्रा फारशी वाढवता येत नाही. रोखण्याच्या बाजूने मात्र ए२ए अडवणारे इस्ट्राडेफिलिन दुसऱ्या आजारात यशस्वी ठरले. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाच्या जोडीने त्याला जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. सेमिनारमध्ये ए२बी रोखण्याची कल्पना अवश्य मांडा, परंतु तिला उपचार म्हणू नका. रुग्णाला आज प्रामुख्याने हायड्रॉक्सियुरिया दिले जाते, हे त्याच स्लाइडवर लिहा.