प्रतिसाद: नुसत्या वजनावर जाऊ नका

वर कोणीतरी म्हटलंय, वयाप्रमाणे वजन बसतंय म्हणजे मूल कुपोषित नाही. असं नसतं. वयानुसार वजन कमी, उंचीच्या मानाने वजन कमी (कृश) आणि वयानुसार उंची कमी (खुजं), ही तीन वेगळी मापं आहेत. खुजेपणा महिनोन्‌महिन्यांच्या उपासमारीतून आणि आजारपणातून येतो, कृशता जुलाब-गोवराच्या एका फेऱ्यातही येते. लठ्ठपणा आणि लोहाची कमतरताही कुपोषणातच मोडते, हे तर कुणी धरतच नाही.

६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर बघा. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांचा मध्य काढा, मग हात सैल सोडून तिथे पट्टी लावा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. पट्टी आवळली की माप कमी येतं, हात वाकलेलाच ठेवला तरी चुकतं.

आणि पाय बघाच! दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून धरा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर कुपोषणाची सूज समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगात साठलेल्या पाण्यामुळे अशा मुलाचं वजन काट्यावर चांगलं दिसतं.