न्हाणीघरातला सैल दांडा : तिथेच पिळायचा की उपटून काढायचा?

शेवंती :
आई ७८ वर्षांची आहे. स्टुलावर बसून अंघोळ करते आणि उठताना उजवीकडच्या भिंतीतला स्टीलचा दांडा धरते. चार वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो बसवला. परवा पुसताना त्याचं खालचं टोक हललं. गोल झाकण सरकवून बघितलं तर तीनपैकी एक स्क्रू नाहीच, उरलेले दोन बोटाने फिरतात. प्लंबर म्हणतो, "ताई, भोकात एम-सील भरतो, स्क्रू पिळतो, दहा मिनिटांचं काम." घरात सगळ्यांना हे पटलंय, फक्त मला नाही. माझं म्हणणं, दांडा आजच काढायचा आणि नव्या जागी नवी भोकं पाडून बसवायचा. दांडा नसेल तर आई कुणाला तरी हाक मारेल. सैल असेल तर नेहमीसारखी निर्धास्तपणे सगळा भार त्याच्यावर टाकेल. तुमचं मत काय?

चौथामजला :
अजिबात पटलं नाही. चार वर्षांची सवय आहे, हात त्या बाजूला जाणारच. दांडा नसला की तो नळाला धरेल नाहीतर टॉवेलच्या रॉडला. माझ्या वडिलांनी रॉडच धरला होता. दोन बारीक स्क्रूंवरचा रॉड, हातातच आला. मनगट मोडलं, तीन महिने जेवण भरवावं लागलं. म्हणून सांगतो, आहे तो दांडा आधी घट्ट करा. आणि नवीन भोकं पाडणं सोपं वाटतं, पण टाइलमागचं वॉटरप्रूफिंग फुटलं की पाणी भिंतीत मुरतं. खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीत रोजची भांडणं. एम-सील नको असेल तर अराल्डाइट भरा, २४ तास हात लावू नका, मग पिळा.

रंधा :
वीस वर्षं सुतारकाम करतोय, या एका बाबतीत मी शेवंतीताईंच्या बाजूने आहे. भोक का मोठं झालं ते बघा. दांडा ओढला की स्क्रू गुट्टीसकट, म्हणजे स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळकांड्यासकट हलतो, गुट्टी भोकाच्या कडा खात जाते. त्या भुग्यात काहीही भरलं तरी ते भुग्यालाच चिकटणार.

आधी भिंत कसली आहे ते ओळखा. टाइलवर बोटाच्या पेराने ठोका. 'टक्' आला तर मागे भरीव आहे, 'डब' आला तर टाइल सुटलेली आहे, तिथे दांडा नकोच. नव्या इमारतीत हलक्या ब्लॉकची भिंत असते. त्यात साधी फुगणारी गुट्टी ब्लॉक कुस्करते, अशा भिंतीला लांब नायलॉनची गुट्टी किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट) लागतो. जुनी विटेची भिंत असेल तर बरं. टाइल आणि मागचा मसाला मिळून इंचभर जातो, त्यापुढे विटेत निदान दोन इंच स्क्रू शिरायला हवा. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवा, विटेत गेल्यावरच चालू करा. आणि नळाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आत पाइप असतो.

वॉटरप्रूफिंगची भीती खोटी नाही. पण स्क्रू नसलेल्या उघड्या भोकातून पाणी तर आताही आत जातंय!

हडसनकाठ :
इथे न्यू जर्सीत सासूबाईंसाठी बसवला. इथल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या, आतले उभे खांब सहसा १६ इंचांवर. दांड्याची टोकं त्या लाकडात गेली तरच अर्थ आहे. अमेरिकेत सार्वजनिक जागांसाठी जे नियम आहेत, त्यात दांड्याने २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो भार पेलावा आणि भिंतीपासून दीड इंचाची फट असावी असं आहे. फट त्याहून मोठी असली तर घसरताना अख्खा हात आत जाऊन अडकू शकतो. ही फट आपल्याकडे कुणी मोजत नाही, नवा घेताना जरूर मोजा.

भाडेकरी :
सगळे ड्रिलवरच का अडलात? आमच्या घरमालकांना एक खिळा चालत नाही. व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा आणला, दोन वर्षं वापरतोय. दर रविवारी काढून पुन्हा लावतो.

रंधा :
@भाडेकरी, तोल सावरायला ठीक, पण स्टुलावरून उठताना माणूस त्याला लोंबकळतो. टाइलचा सांधा किंवा खरखरीत पृष्ठभाग मध्ये आला की हवा शिरते आणि तो न सांगता सुटतो. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भरवशावर सोडू नका, ही हात जोडून विनंती.

शेवंती :
काल दांडा काढला. गुट्ट्या हातानेच निघाल्या. पट्टी लावून मोजल्या, प्रत्येकी २५ मिलिमीटर. टोकाला नुसतं पांढरं सिमेंट, विटेचा लाल कण एकाही गुट्टीला नाही. म्हणजे चार वर्षं आई टाइल आणि मसाल्याच्या आधाराने उठत होती, दांडा विटेपर्यंत पोचलेलाच नव्हता. हे नवऱ्याला दाखवलं, तो काही बोलला नाही, जाऊन ८० मिलिमीटरचे स्टेनलेसचे स्क्रू आणि तेवढ्याच लांब गुट्ट्या घेऊन आला. चौथामजला, तुमचा मुद्दाही मानला : टॉवेलचा रॉड काढून दाराबाहेर लावला आणि दांडा लागेपर्यंत मी आईजवळ थांबते.

ओसरी :
माझं वय ७४. इतका वेळ भिंतीची चर्चा झाली, आता आईला विचारा. माझ्या मुलाने हौसेने लावलेला दांडा उभ्या माणसाच्या उंचीवर होता. मी बसलेली असायचे, खांदा दुखायचा, पण त्याने इतक्या कष्टाने लावलाय म्हणून वर्षभर बोलले नाही. आईला कोरडीच स्टुलावर बसवा, डोळे मिटायला सांगा, कारण तोंडाला साबण असतो तेव्हा डोळे मिटलेलेच असतात. मग म्हणा, ऊठ. हात जिथे जाईल तिथे पेन्सिलने खूण करा.

चौथामजला :
@ओसरी, हे आम्ही वडिलांना कधी विचारलंच नाही.
शेवंतीताई, भोकांबद्दल माझं मत अजून तेच आहे. पाडणारच असाल तर जुनी सगळी बुजवा आणि नव्या भोकांत स्क्रू घालण्याआधी सिलिकॉन भरा.

शेवंती :
भरते. आज खूण केली. जुन्या दांड्यापेक्षा सहा इंच खाली आली, आणि चार बोटं पुढे.